भिमी कुणाच्या हद्दीत?

शनिवार, ५ जानेवारी १९४६

आज मी चिटणीस झाले. निवडणूक वगैरे काही नाही. मामलेदार कचेरीचा हुकूम आला होता, की बाजारात, जत्रेत, स्टेशनवर मुलं चुकण्याचे प्रकार वाढले आहेत, तरी पाटील, रेल्वे, आरोग्य खातं आणि शाळा यांनी मिळून गावोगाव बालसंरक्षण कमिटी करावी. पाटील म्हणजे आमचे आबासाहेब. रेल्वे म्हणजे स्टेशनमास्तर रंगनाथराव. आरोग्य खातं म्हणजे दंडावर लस टोचून देवी काढणारे मच्छिंद्रराव, ज्यांची सायकल दिसली की बाया पोरांना घेऊन जोंधळ्यात लपतात. आणि शाळा म्हणजे मी, मिशन शाळेची हेडमास्तरीण लिडिया साळवे. वय एक्केचाळीस, एकटी, आणि गावाच्या मते जरा तिखट.

“लिवायचं काम बाईंकडं,” आबासाहेब म्हणाले. “आमचं अक्षर आमालाच लागत न्हाई.”

कमिटीची वही वेगळी केली आहे. त्यात जे शोभणार नाही ते या वहीत लिहायचं ठरवलं आहे.

गुरुवार, १० जानेवारी

बाजाराचा दिवस, म्हणून सगळे गावात होते आणि पहिली सभा झाली. सभा कसली, भांडण. बाजारात चुकलेलं मूल स्टेशनवर सापडलं तर ते कुणाचं? रंगनाथराव म्हणाले, तारेच्या कुंपणाबाहेर माझा अंमल नाही. आबासाहेब म्हणाले, कुंपणाच्या आत माझी दवंडी चालत नाही. मच्छिंद्रराव म्हणाले, मला काय, मी दंड बघतो, हद्द बघत नाही.

शेवटी मी तोडगा काढला. चार रकान्यांचा तक्ता आखला. बाजार आणि गावठाण पाटलांचं, फलाट आणि मालधक्का रेल्वेचा, शाळेचं आवार माझं, आजारी पोर मच्छिंद्ररावांचं. ज्याच्या हद्दीत जे सापडेल ते त्याने सांभाळायचं, दुसऱ्याने त्यात बोट घालायचं नाही. ठराव एकमताने पास. रंगनाथराव म्हणाले, “इतकं स्वच्छ काम आमच्या रेल्वेतसुद्धा होत नाही.” त्यानंतर माझे पाय दिवसभर जमिनीवर ठरेनात.

गुरुवार, १७ जानेवारी

मूल सापडलं! खरोखरचं!

दुपारी चांगुणा कासारीण एका पोरीला हाताला धरून चावडीवर आली. चार-पाच वर्षांची, हिरवा परकर, नाकात चमकी, तोंडावर कोळशाची काजळी. चांगुणाच्या बांगड्यांच्या टोपलीमागे तासभर बसून होती म्हणे. रडत नाही, बोलत नाही. आबासाहेबांनी मिशीला पीळ देऊन विचारलं, “कुनाची गं तू?” तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मिशी सोडली.

बाजारात सापडली म्हणजे हद्द पाटलांची. त्यांनी दवंडी पिटवली, पोलीस ठाण्याकडे माणूस धाडला. मग प्रश्न आला, ठेवायची कुठे? “जात ठाव न्हाई,” आबासाहेब म्हणाले. “कुनाच्या चुलीवर जेवू घालावं? बाई, तुमाला सगळं चालतं.” चांगुणा पुटपुटली, की मिशनवाल्या बाई पोर बाटवतील.

मी म्हणाले, “मी तिला भाकरी देणार आहे चांगुणाबाई, पाणी शिंपडणार नाही.”

तर पोर माझ्याकडे. अर्थात तात्पुरती.

शनिवार, १९ जानेवारी

अजून एक शब्द नाही. दवंडी सात गावांत फिरली, काष्टीच्या बाजारातही आज दिली, कोणी आलं नाही. जेवते मात्र उत्तम. मी भाकरी मोडून दिली तर घेत नाही, अख्खी लागते.

वर्गात बसवलं. हट्टी आहे. तरटावर बसली की डाव्या बाजूला पंजा पसरून ठेवते आणि तिथे कोणाला बसू देत नाही. शेजारी बसायला आलेल्या दीनाला चिमटा काढला. लाडावलेली असणार. मी समजावलं, की शाळेत जागा सगळ्यांची असते. तिने ऐकून घेतलं आणि पंजा आणखी पसरला.

रविवार, २० जानेवारी

आमच्या मिशनच्या देवळात नेलं. तेच! बाकावर पंजा पसरून बसली. पाळकबाई शेजारी टेकल्या आणि “प्रभू” म्हणायच्या ऐवजी “अगं बाई” म्हणून उठल्या. दंडावर चांगला लाल डाग होता. मला हसू आवरेना, प्रार्थनेत डोकं खाली घालून हसले. क्षमा असावी.

बुधवार, २३ जानेवारी

कमिटीचं काय झालंय कळत नाही. पंधरवड्याला एक सभा ठरली होती, तर आता रोज संध्याकाळी पाच वाजता सगळे माझ्या ओसरीवर हजर. आबासाहेब ‘पाहणी’ करायला येतात आणि पटक्याच्या शेवात बोरं आणतात. मच्छिंद्रराव प्रकृती बघायला येतात, हुरडा आणतात. रंगनाथरावांची तर हद्दही नाही, तरी साडेचारची मालगाडी काढून धापा टाकत येतात. काल त्यांनी तिला झेंडी दाखवायला शिकवलं. हिरवी दाखवली की आबासाहेबांनी चालायचं, लाल दाखवली की थांबायचं. पाटील गावात कोणाच्या सांगण्यावर थांबलेले मी बारा वर्षांत पाहिले नव्हते.

वहीत लिहिलं: ‘पाहणी समाधानकारक.’

माझ्या जुन्या निळ्या लुगड्याचे दोन झगे शिवले. कापड तसंही पडूनच होतं.

शनिवार, २६ जानेवारी

बोलली! सकाळी तिची वेणी घालत होते. ओढली गेली असेल, तर म्हणते, “आय अशी न्हाई घालत.”

मी वेणी अर्धी सोडून धावत सुटले. कमिटी गोळा झाली. नाव भिमी. बापाचं नाव? “बा.” आईचं? “आय.” गाव कोणतं? “घर.” आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. “बाई, सबंद जिल्ह्यात समद्यांची आय ‘आय’च हाय. दवंडी काय द्यायची?”

आता बोलते ती थांबत नाही. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. फार बरं वाटतं.

मंगळवार, २९ जानेवारी

आज फार मोठी गोष्ट झाली आणि ती मला खाली मान घालून लिहावी लागते आहे.

भिमीला इंजिन बघायचं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर स्टेशनवर नेलं. रंगनाथरावांच्या खोलीत कोपऱ्यात एक चौकड्याचं गाठोडं होतं. भिमी थेट जाऊन त्यावर बसली. “ह्ये आमचं हाय.”

रंगनाथरावांचा चेहरा पांढरा पडला. ते गाठोडं सतरा तारखेला दुपारच्या गाडीनंतर फलाटावर बेवारस मिळालं होतं. त्याच दिवशी! त्याच गाडीने! बारा दिवस गाठोडं त्यांच्याकडे आणि पोर माझ्याकडे, मध्ये तीनशे पावलं.

“अहो, पण सांगितलं का नाहीत?” मी ओरडले.

“तुमचा तक्ता,” ते हळूच म्हणाले. “फलाटावरची वस्तू माझी, बाजारातली मुलगी पाटलांची. दुसऱ्याने बोट घालायचं नाही.”

ठराव माझ्याच अक्षरात होता. 

नियमाने मालकाशिवाय गाठोडं सोडता येत नव्हतं. रंगनाथरावांनी टोपी घातली, भिमीसमोर वाकले आणि म्हणाले, “मालकीणबाई, परवानगी आहे का?” ती म्हणाली, “व्हय.” आत ऊस तोडायचा कोयता, पितळी तांब्या, दोन लुगडी. आणि एका टोकाला गाठ मारून ठेवलेलं अर्धं तिकीट: राहुरीकडच्या एका स्टेशनापासून मनमाडपर्यंत.

मनमाडपर्यंत! मनमाड तर आमच्या उलट दिशेला, म्हणजे गाडीच चुकीची धरली.

तक्ता मी स्वतः फाडला.

बुधवार, ३० जानेवारी

रंगनाथरावांनी काल तार केली, आज उत्तर आलं. आमची लाईन एकेरी, म्हणून गाड्यांचं क्रॉसिंग त्या स्टेशनवर होतं. दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात ऊसतोडीला आलेल्या डोंगराकडच्या बायका परत निघाल्या होत्या. भिमीच्या आईने, आपण सगळेच करतो तसं, जागा धरायला गाठोडं आणि पोर गडबडीत उलट्या गाडीच्या खिडकीतून आत ढकलली आणि दाराकडे पळाली, पण चढता आलं नाही. दोन्ही गाड्या सुटल्या. तिला वाटलं, पोर मनमाडच्या गाडीत आहे. सगळ्या तारा, सगळा शोध त्या दिशेला. बाई आठ दिवस रोज स्टेशनवर येऊन बसत होती. मग टोळीने तिला घरी नेलं. गाव कोणतं, कोणी विचारून ठेवलं नाही.

भिमीला विचारलं, तू इथे का उतरलीस? “येक बाबा म्हनला, ऊठ पोरी, गाव आलं.”

गुरुवार, ३१ जानेवारी

मच्छिंद्ररावांचा दिवस. इतके दिवस ते भिमीची जीभ आणि डोळे बघत होते. आज बाही वर करून दंडावरच्या देवीच्या खुणा पाहिल्या आणि जागेवरून उठले.

“मी चार खुना चौकोनात काढतो. या बघा, तिरक्या उतरत गेल्यात. ह्यो डावरा हात हाय. ह्यो गिदोन!”

गिदोन म्हणजे अकोले तालुक्याचे देवी डॉक्टर. दोघं नगरला एकाच मास्तरांकडे हे काम शिकले. “त्याच्या डाव्या हातावर मास्तरांचा रूळ मोडला, पन त्यानं हात बदलला न्हाई,” मच्छिंद्रराव म्हणाले. म्हणजे पोर भंडारदऱ्याच्या बाजूची. आणि गिदोन यांच्याकडे देवी काढलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव, आईबाप यांचं रजिस्टर असणार. भिमी नावाच्या पाच वर्षांच्या मुली त्यात असून असून किती असतील?

आबासाहेबांनी मच्छिंद्ररावांना मिठी मारली. ठराव झाला, की चिटणीसांनी गिदोन यांना ताबडतोब पत्र लिहावं.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

पत्राला बसले. शाई घट्ट झाली होती. नवी कालवेपर्यंत टपालाची वेळ टळली.

शनिवार, २ फेब्रुवारी

मजकूर मनासारखा उतरला नाही. सरकारी पत्र आहे, घाईत लिहून चालत नाही. भिमी ‘भ’ काढायला शिकली. भिंतीवर, दारावर, आबासाहेबांच्या धोतरावर.

सोमवार, ४ फेब्रुवारी

पाकिटं संपली आहेत. संध्याकाळी कमिटी जमली, ढाळ्याचे घाटे सोलत बसलो. पत्राबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. विचारलं असतं तर खोटं बोलले नसते.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

काल लिहिलं ते पुन्हा वाचलं. पाकिटं टेबलाच्या खणात होती. मला माहीत होतं.

इथे तरी खरं लिहू. सकाळी कोणीतरी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतं, वेणी घालताना किंचाळतं, झोपताना माझा पदर मुठीत धरतं. एक्केचाळीस वर्षांत ही एवढीशी गोष्ट माझ्याकडे कधी आली नव्हती. मला ती सोडवत नाही. उद्या लिहीन.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. तासाभरापूर्वी स्वतः जाऊन टपालात टाकलं.

दुपारी बाजार आटोपून चांगुणा भिमीला बांगड्या भरायला आली. भिमी ओसरीच्या पायरीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारी पंजा पसरलेला. चांगुणा टेकायला गेली, तर भिमी म्हणाली, “हितं न्हाई. हितं आय बसनार हाय. म्या जागा धरलीया.”

तरटावर. देवळाच्या बाकावर. पायरीवर. एकवीस दिवस ही पोर आईने सांगितलेलं काम करत होती, आणि मी शिक्षिका असून तिला हट्टी म्हणत होते. तिकडे ती बाई रडून रडून अर्धी झाली असेल, आणि मी शाईचं निमित्त करत होते. सात दिवस! कान धरून मला कोणी बाकावर उभं करायला हवं होतं.

चांगुणाला म्हणाले, तुम्ही बांगड्या भरा, मी आले. आणि पळाले.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

गिदोन यांचं पत्र! अक्षरसुद्धा डावीकडे कललेलं आहे. रजिस्टरात तीन भिम्या निघाल्या, दोन घरीच होत्या. तिसरीच्या गावी ते स्वतः चालत गेले. आईचं नाव राहीबाई. ‘बातमी सांगताच बाई उठली आणि तशीच वाटेला लागली. मी माझी पिशवी घेईपर्यंत अर्धा डोंगर उतरली होती.’ नगरपर्यंत मोटारीने, पुढे गाडीने, रविवारी दुपारी पोचतात.

पत्र मी ओसरीवर मोठ्याने वाचलं. आबासाहेबांनी नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. मग सगळे पायरीवर बसलेल्या भिमीकडे बघायला लागले.

रविवार, १७ फेब्रुवारी

सगळं गाव स्टेशनवर. पाळकांनी उपदेश पंधरा मिनिटांत उरकला, हे प्रथमच. रंगनाथरावांनी फलाट धुवून घेतला, आबासाहेब नवा पटका बांधून आले. भिमी निळ्या झग्यात.

गाडी थांबली. आधी एक उंच गृहस्थ उतरले, डाव्या हातात पिशवी. त्यांच्यामागून एक काटकुळी बाई, अनवाणी. भिमी पळत गेली. मला वाटलं गळ्यात पडेल. कसलं काय! दोन्ही मुठींनी आईच्या पोटावर बुक्क्या मारायला लागली. “किती येळ! किती येळ लावलास! समदी बसाया येत हुती!” आणि राहीबाई मार खात खाली बसली, हसत होती, रडत होती, पोरीचे केस हुंगत होती. “मार, माझी बाय, मार.”

मग काय झालं ते मला नीट दिसलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. एवढं ऐकू आलं, की आबासाहेब मोठमोठ्याने रडत होते आणि मच्छिंद्रराव गिदोनना म्हणत होते, “गड्या, त्या मास्तरांनी तुझा हात बदलला असता तर?”

मंगळवार, १९ फेब्रुवारी

दोन दिवस दोघी माझ्याकडे होत्या. राहीबाईने पहिल्याच सकाळी चूल ताब्यात घेतली. भिमीने मला सांगितलं, “बघ, भाकर अशी आसती.” अगदी खरं होतं. चांगुणाने मायलेकींना हिरव्या बांगड्या भरल्या आणि मी बाटवलं नाही याची स्वतः खात्री करून घेतली. आबासाहेबांच्या घरून पुरणपोळ्या आल्या आणि सगळ्यांनी एकाच ओसरीवर बसून खाल्ल्या. जात कोणी विचारली नाही. मीही आठवण करून दिली नाही.

आज दुपारच्या गाडीने गिदोन यांच्याबरोबर निघाल्या. फलाटावर मला राहवेना. राहीबाईला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं, की पत्र सात दिवस आधी जायला हवं होतं. मीच ठेवून घेतलं. मला पोर सोडवत नव्हती. तुझे सात दिवस मी खाल्ले.

 मला वाटलं, आता थोबाडीत देईल, आणि मी गाल पुढे केला असता.

“बाई,” ती म्हणाली, “म्या रोज कळसूबाईला हात जोडून म्हनायची, आई, माझी पोर जितं आसंल तितं कुनाचा तरी जीव तिच्यावं असा जडू दे, का ती हातची सोडू वाटू नये.” मग माझे दोन्ही हात तिने आपल्या डोळ्यांना लावले. “आईनं ऐकलं.”

गाडी सुटली. भिमी खिडकीतून हिरवी झेंडी हलवत होती. रंगनाथरावांची सरकारी झेंडी, ती गेलीच. वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत आम्ही चौघं उभे होतो. मग मी तिथेच फलाटावर कमिटीलाही सगळं सांगून टाकलं. चिटणीसपदाचा राजीनामा देते म्हणाले.

“ठाव हाय,” आबासाहेब म्हणाले.

“काय ठाऊक आहे?”

“टपालाची थैली रोज चावडीवर थांबती. अकोल्याचं पाकीट गेलं न्हाई, ते पहिल्याच दिशी कळलं.”

“मलाही,” रंगनाथराव म्हणाले. “थैली गाडीत मीच चढवतो.”

मी मच्छिंद्ररावांकडे पाहिलं. ते सायकलची घंटी पुसत होते. गिदोनना त्यांना स्वतःलाही कधीच लिहिता आलं असतं.

“मग विचारलंत का नाही मला?”

 आबासाहेबांनी नव्या पटक्याच्या शेवाने नाक पुसलं.

“रोज ठरवून यायचो, बाई,” ते म्हणाले, “का आज इचारू. मंग ती पायरीवं बसल्याली दिसायची. म्हनायचो, उद्या.”